अठ्ठ्याहत्तर किलोंची वाट पाहताना

मी बोलतोय तो सायकलच्या सीटखालून. वर माणूस बसतो, खाली चाक आपटतं, आणि दोघांमधली कुरबुर मी गिळतो. कागदोपत्री माझं नाव सस्पेन्शन सीटपोस्ट. इथे, मुलचेरा गावात, मला सीटचा शॉकअप म्हणतात. मोठ्या नळीत छोटी नळी, आत स्प्रिंग आणि छोट्या नळीवर रबराची बारीक रिंग, एवढाच माझा संसार. वरचा माणूस बसला की मी दबतो आणि मोठ्या नळीच्या काठाने रिंग वर सरकते. कितीने दबलो, ते ती सांगते.

खालीवर होणं हाच माझा धर्म असल्यामुळे स्वस्थ बसणं मला शिक्षा वाटते. एप्रिलपासून ती भोगतो आहे.

माझा जन्म एका परदेशी कारखान्यात झाला. आम्ही भावंडं दिसायला सारखी, फरक फक्त स्प्रिंगचा. हलक्या माणसासाठी मऊ, मध्यम माणसासाठी मध्यम, भारदस्त माणसासाठी कडक. मी कडक निघालो. माणसांचा स्वभाव कळायला लग्न व्हावं लागतं. आमचा खोक्यावर छापलेला असतो.

मला निवडलं हर्षाने. ती नागपूरला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे साधी गोष्ट साधेपणाने करणं तिला जमत नाही. पंधरा दिवस ती आमच्याबद्दल वाचत होती. हवा भरायचे पोस्ट धुळीने खराब होतील, रबराचे आपल्याकडच्या मे महिन्यात टिकतील की नाही कोण जाणे. स्प्रिंगला काही लागत नाही, आणि मला जिथे जायचं होतं तिथे काही मिळणारही नव्हतं. मग तिने नळीचा व्यास पाहिला आणि शेवटी वडिलांना फोन करून वजन विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर," देवराव म्हणाले.

हा आकडा त्यांच्या निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीतला होता. सरकारी कागदावर एकदा आलेली गोष्ट खरी धरायची, ही त्यांची जुनी सवय. त्यानंतर चार वर्षं गेली होती, आणि शेवटच्या वर्षात देवराव बरेच वाळले होते.

देवराव हिवताप विभागात होते. उमेदीची वर्षं भामरागडकडच्या गावांत सायकलने फिरले. ताप आलेल्या माणसाचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, पुढच्या गावाला जायचं. त्यांना पाहून लोक रानात पळत. लच्छू नावाचा तरणाबांड गडी तर अंगात ताप असताना मोहाच्या झाडावर चढून बसला. देवराव दोन तास झाडाखाली बसून एकच वाक्य म्हणत राहिले, "एकच थेंब दे, मुंगी चावते तेवढंच." शेवटी लच्छू उतरला. पुढे बारा वर्षं त्यानेच देवरावांची काचांची पेटी वाहिली.

आता लच्छू थकला आहे. नद्या भरून रस्ता तुटायच्या आत, जुन्याच जंगलवाटेने, सायकलवरून त्याला भेटायला जायचं, असं देवरावांनी ठरवलं होतं. शंभर किलोमीटरच्या वर वाट; मुळं, गोटे, गिट्टी. कंबर तर आधीच कुरकुरत होती. म्हणून हर्षाची अट होती, मी बसल्याशिवाय निघायचं नाही.

मला बसवलं मुखरू मिस्त्रीने. मुखरूचा देह ऐशी किलोंच्या घरातला. त्याने आधी स्वतः बसून पाहिलं आणि मी सुरेख दबलो. इतक्या लांबून आल्याचं सार्थक झालं. मग देवराव बसले. मी ताठच.

"भाऊ," मुखरू म्हणाला, "तुमी बसले का अजून उभेच आहा?"

देवराव म्हणाले, नवीन आहे, मोकळं व्हायला वेळ लागेल. मुखरूने खालचा स्क्रू जमेल तेवढा सैल केला. मी केसभर हललो. मुखरू म्हणाला, स्प्रिंग मोठ्या माणसाची आली, पोरीला सांगून मऊ मागवा. यावर देवरावांनी उन्हाचा विषय काढला.

मऊ स्प्रिंग मागवायची तर वजन सांगावं लागणार. वजन सांगितलं की हर्षा दवाखान्यात नेणार. दवाखान्यात काय निघेल कोण जाणे, पण जाणं बंद होणार हे नक्की. जन्मभर दुसऱ्यांची बोटं टोचलेल्या माणसाला स्वतःच्या बोटाची इतकी काळजी असेल, असं मला वाटलं नव्हतं.

रोज पहाटे ते मला घेऊन शेताडीच्या वाटेने निघत. प्रत्येक गोटा सरळ त्यांच्या कमरेत जाई. मी आत तडफडत असे. काम समोर आहे, अंगात ताकद आहे आणि वरून हुकूमच येत नाही. सरकारी नोकरी केलेल्यांना हे दुःख समजावून सांगायला नको. वाटेत ते तीनदा थांबून पाणी पीत आणि चारदा झुडपामागे जात. पँटला पट्टा होता, पट्ट्याला त्यांनी नवीन भोकं पाडली होती. बायकोने, गिरजाबाईंनी, विचारलं की म्हणत, सायकलने माणूस सडपातळ होतेच.

मेच्या मध्यावर हर्षाने फोटो मागितला. बाबा सीटवर बसलेले हवेत, रिंग स्पष्ट दिसली पाहिजे, किती दबतो ते मोजायचं आहे.

त्या दुपारी देवरावांनी काचांची पेटी न्यायची जुनी कॅनव्हासची पिशवी काढली, तिच्यात अंगणातले गोटे भरले, पाठीवर टांगली आणि भिंतीला हात टेकून माझ्यावर बसले. मी दबलो. काय सांगू, इतकं बरं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली.

फोटो काढायला गिरजाबाईंना बोलावलं होतं.

"पिशवी कायची जी?"

"सामान घेऊन जाईन ना. सामानासंगच मोजा लागते."

गिरजाबाईंनी फोटो काढला. मग त्यांनी पिशवी उतरवून खाली ठेवली. ठेवताना त्यांना दोन्ही हात लावावे लागले. "आता बसा," त्या म्हणाल्या, आणि तसाही एक काढला. हर्षाला त्यांनी दोन्ही पाठवले. खाली एक अक्षरही लिहिलं नाही.

हर्षाने फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी दोन एसट्या बदलून संध्याकाळी ती दारात उभी. देवराव म्हणाले, जेवण होऊ दे, उद्या बोलू. पहाटे ते नेहमीप्रमाणे सायकल काढायला आले, तर हर्षा माझ्यावर बसलेली.

तीही भिंतीला हात टेकून, पाय वर घेऊन बसली होती. मी केसभरच दबलो, रोज तिच्या बापाच्या वजनाने दबायचो तेवढाच. तिने वाकून रिंग पाहिली. मग बापाकडे पाहिलं.

"उतर बाई, उन्हं होतेत."

"मी इथीच बसून राह्यते," ती म्हणाली. "तुम्ही दोन तास बसले होते ना?"

तिच्या मांडीवर साखर तपासायचं छोटं यंत्र होतं. गिरजाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. सुपातला हात थांबला होता.

"लच्छू वाट पाहून राह्यला, हर्षा. नदी भरली का मंग..."

"एकच थेंब द्या, बाबा. मुंगी चावते तेवढंच."

देवरावांनी डावा हात पुढे केला, आणि टोचायचं बोट कोणतं तेही त्यांनीच सांगितलं. सवय.

आकडा मी सांगत नाही. देवरावांनी तो पाहिला आणि पूर्वी काच पाहून गावकऱ्यांसमोर करत असतील तसाच चेहरा केला. त्याच सकाळी ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सायकल बंद केली. भामरागडकडे जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती लच्छूला निरोप गेला. उलटा निरोप आला, दवाई घे म्हणा, मी काही झाडावर चढून पळत नाही.

जाण्याआधी हर्षा म्हणाली, मऊ स्प्रिंग मागवते. देवराव नाही म्हणाले.

"राहू दे हेच. मीच भरून येतो."

आता ऑगस्ट चालू आहे. रस्ता तुटला आहे. मी ओसरीवर उभा आहे, नळीवर गंजाचा एक ठिपका आला आहे, आणि तिथूनच पावसाकडे पाहत चुळबुळ करण्यापलीकडे मला काम नाही. फक्त रविवारी देवराव येतात, पिशवी न घेता माझ्यावर बसतात, आणि गिरजाबाई चष्मा लावून रिंग पाहतात.

आमच्यापैकी कोणाला घरी नेणार असाल, तर व्यास चुकला तरी चालेल; मिस्त्री पत्र्याची पट्टी घालून भागवतो. वजन तेवढं आजचं सांगा.

गेल्या रविवारी गिरजाबाईंनी जास्त वेळ वाकून पाहिलं, मग पदराने नळी पुसून पुन्हा पाहिलं.

"सरकली जी," त्या म्हणाल्या. "सूतभर."

देवराव उतरले नाहीत. धान कापणीनंतर वाट कोरडी होते, एवढंच म्हणाले.