दोघांच्या सायकलचा ॲक्सल

मी मागच्या चाकाचा ॲक्सल बोलतोय. चाक फिरतं ते माझ्याभोवती. मी स्वतः फिरत नाही. सायकलच्या चौकटीला मागे दोन खाचा असतात, त्यांत माझी दोन टोकं नटांनी आवळलेली असतात. जागच्या जागी राहायचं आणि भार सोसायचा, एवढंच माझं काम. लोकांना घंटी दिसते, सीट दिसते. माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

माझा जन्म एका कारखान्यात, लेथवर झाला. लेथ चालवणारे माझे मालक उंच, हडकुळे आणि थट्टेखोर. त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत, मीही तसंच म्हणेन. बाई इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर कामाला होत्या आणि रोज स्वतःच्या सायकलनं जात. मग डोळ्यांचं दुखणं आलं आणि हळूहळू दिसायचं बंद झालं. नोकरी राहिली, कारण बोर्डावरचं बटण न् बटण त्यांच्या बोटांना पाठ होतं. पण सायकल सुटली. मालक त्यांना आपल्या कॅरिअरवर बसवून नेऊ लागले.

आठवडाभर बाई तशा गेल्या. मग म्हणाल्या, "अहो, मी काय गव्हाचं पोतं आहे? मला पायडल मारायचंय."

मालकांनी दोघांच्या सायकली कापल्या आणि जोडून एक केली. पुढे स्वतः, मागे बाई. दोन माणसांचा भार एकाच मागच्या चाकावर येणार, म्हणून चाकाच्या मधला, ॲक्सल ज्यातून जातो तो हब चांगला रुंद घेतला आणि खाचाही एकमेकींपासून लांब ठेवल्या. तिथंच घोडं अडलं. बाजारातला ॲक्सल आखूड पडला. मालकांनी खाचा दाबून जवळ आणल्या आणि नट कसेबसे आट्यांवर चढवले. इस्पितळाच्या वाटेवर, पाण्याच्या टाकीपाशी एक उभा चढ होता. तिथं चाक तिरकं होऊन चौकटीला घासायला लागलं.

"कपडा तोकडा पडला म्हणून अंग चेपताय होय?" मागून बाई म्हणाल्या. "दुसरा शिवा की!"

दुसऱ्या दिवशी मालकांनी एक पोलादी कांब घेतली, खाचांमधलं अंतर दोनदा मोजलं आणि मला घडवलं. दोन्ही टोकांना आटे पाडले. खाचांत मी असा बसलो, की मालकांनी आणखी कानसही लावली नाही. बाईंनी वाकून माझ्या टोकावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आता कसं बेतशीर झालं."

ते दिवस काय सांगू! मालक पुढून बोलत राहायचे. "खड्डा. आता वळण. बेकरीवाल्यानं शटर रंगवलंय, भयंकर हिरवं." बाई हसायच्या. पुढे मुलगी झाली, मोठी झाली, शिकली आणि नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. सायकल मात्र दोघांना घेऊन त्याच रस्त्यानं जात राहिली.

या सायकलची एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. दोन्ही पायडलं एकाच साखळीनं बांधलेली. एकानं मारलं की दुसऱ्याचे पाय आपोआप फिरतात. बघणाऱ्याला कळत नाही जोर कोण लावतंय. मला कळायचं. मालकांचा जोर उजव्या पायाला जास्त, दर फेरीला एक हिसका बसायचा. बाईंचे दोन्ही पाय सारखे चालायचे.

मग मालकांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, हृदय थकलंय, सायकल बंद. घरी आल्यावर मालक म्हणाले, "सायकल बंद म्हणजे तुझं कामही बंद. बसच्या गर्दीत एकटी कशी जाशील?"

बाई म्हणाल्या, "सावकाश जाऊ."

दुसऱ्या सकाळी मालकांचा हिसका मला जाणवला, पण हलका. पुढे तो आणखी हलका होत गेला. आणि एक दिवस, चढाच्या पायथ्याशी, तो थांबला. पुन्हा आला नाही.

बाईंनी ते माझ्याइतकंच ओळखलं. सीटवरून किंचित उठल्या, दात आवळले आणि दोघांचा भार एकट्यानं वर नेला. वर पोचल्यावर धाप लपवायला तोंडावर पदर धरला आणि म्हणाल्या, "आज फार जोर लावलात हो. जरा दमानं घ्या."

"अजून तसा दणकट आहे मी," मालक म्हणाले. त्यांचा आवाज किती खूश होता!

त्यानंतर रोज असंच. कारखाना चढाच्या आधीच लागायचा, पण बाईंना पोचवल्याशिवाय मालक तिकडे वळत नसत. बाईंना इस्पितळाच्या दारात उतरवायचं आणि मग सायकल हातानं धरून उतारावरून कारखान्यापर्यंत चालत यायचं. घरी रात्री बाई दोघांच्या पोटऱ्या तेलानं चोळायच्या, आधी मालकांच्या, कारण "रोज तुम्हीच ओढता." त्यांना खरं कळलं होतं का? मला नाही सांगता यायचं. एकदा चढावर त्यांनी हात मागे नेला आणि बाईंच्या गुडघ्यावर क्षणभर ठेवला. तेवढंच.

एका दुपारी मालक जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

मुलगी आली. रडणं ओसरल्यावर म्हणाली, सायकल गंजून जाईल, निदान मागचं चाक माझ्या सायकलला बसवू, बाबांचं काहीतरी माझ्याजवळ राहील. दोघी दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं चाक तिच्या सायकलच्या खाचांपाशी धरलं आणि मान हलवली.

"हे दोघांच्या सायकलचं चाक. एकट्याच्या चौकटीत मावायचं नाही. ॲक्सल कापला तरी हब रुंदच राहणार. चौकट ताणून बसवता येईल, पण मग सायकल कधी सरळ चालायची नाही."

"ताणू नका," बाई म्हणाल्या. "बाहेरची रिम तेवढी तिला द्या. आत अरुंद हब आणि दुसरा ॲक्सल घाला."

दुकानदार स्पोक सैल करू लागला. मुलगी बाकावर बसून माझ्याकडे बघत होती. एकाएकी तिचा बांध फुटला.

"तू त्यांना अडवायला हवं होतंस, आई. डॉक्टरांनी बजावलं होतं ना? तरी शेवटपर्यंत त्या चढावर तुला ओढत राहिले ते. तुझ्या नोकरीपायी गेले माझे बाबा!"

दुकानदाराचा हात थांबला. बाईंचे ओठ हलले. एक वाक्य, फक्त एक वाक्य पुरलं असतं. पण मुलगी हुंदका गिळून पुढे म्हणाली, "कसे होते गं ते! एवढं दुखत असताना एक दिवससुद्धा तुला ओझं वाटू दिलं नाही."

बाईंनी ओठ मिटले.

"हो," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत तेच ओढत होते."

मुलगी रिम घेऊन गेली. जाताना आईच्या पाया पडली, पण गळ्यात पडली नाही. दुकानदारानं न विचारता मला पुसून बाईंच्या हातावर ठेवलं.

आता मी इस्पितळात, बोर्डाखालच्या खणात असतो, डब्याच्या चमच्याशेजारी. मालक गेल्यावर इस्पितळ बाईंसाठी गाडी पाठवू लागलं, तीतून त्या येतात. दिवसभर याची हाक त्याला जोडून देतात. मुलीचा फोन येतो, दोन-तीन महिन्यांनी, कामापुरता. तो ठेवला की बाई खण उघडतात आणि माझ्या आट्यांवरून अंगठा फिरवत बसतात. माझं आता काही काम उरलेलं नाही. मला कुठल्याच चौकटीत जागा नाही, त्याचं दुःखही नाही.

पण मुली, एक मागणं आहे. कधीतरी ये. दोन सीटांची सायकल कुणाकडून तरी मागून आण, आईला मागे बसव आणि त्या चढाला लाग. अर्ध्यावर तुझे पाय थांबव, नुसते पायडलांवर ठेव. सायकल तरीही वर जाईल.

आणि वर पोचल्यावर ती म्हणेल, "आज फार जोर लावलास गं."