यादीच्या पाठीवरची रेघ

दर सोमवारी, पेशंट यायच्या आधी, ईसीजीवाला स्वतःच पलंगावर आडवा व्हायचा. मशीन नीट चालतंय का हे बघायला दुसऱ्या कुणाची छाती आणणार? सिस्टर बटण दाबायच्या, पट्टी बाहेर यायची, रेघ उमटली की झालं. ती वाचतंय कोण! तो घडी घालून घरी न्यायचा. पाठ कोरी असते, बायकोला सामानाच्या यादीला व्हायची.

या सोमवारी पट्टी देता देता सिस्टर थांबल्या.

"दादा, ही छातीवरची रेघ अशी खाली का बसलीये?"

रोज वीस-पंचवीस पट्ट्या काढणाऱ्याला कुणी सांगायला नको होतं. हृदयाला रक्त कमी पडत असलं की रेघ अशी बसते.

"हातांच्या वायरी उलट्या लागल्या असतील," तो म्हणाला. वायरी उलटल्या की फार तर हातापायांच्या रेघा बिघडतात, छातीवरच्या रेघांना त्याचं सोयरसुतक नसतं, हे तो स्वतःच नवख्यांना शिकवायचा. तरी त्याने वायरी पुसून पुन्हा लावल्या. रेघ तशीच. मशीनच्या नावानं बोटं मोडली. तेवढ्यात एक सत्तरीचे आजोबा जिना चढून धापा टाकत आले, आणि त्यांची पट्टी पुस्तकात 'नॉर्मल' म्हणून छापावी अशी निघाली. आता मशीनला तरी काय बोलणार?

त्याचा जीव थाऱ्यावर राहिना. उठला, बसला, पाणी प्यायला, पुन्हा उठला. सहा महिन्यांपूर्वी कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं होतं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. 'मला काय धाड भरलीये?' म्हणून त्याने पाकीट इथल्याच कपाटात टाकलं होतं. बायको विचारायची तेव्हा ठोकून द्यायचा, "कामावर घेतो गं."

घाम पुसायला रुमाल काढला, तर सोबत आजची यादी आली. दूध, साबण, बटाटे. खाली दोनदा अधोरेखित: 'तुमच्या गोळ्या. संपल्या असतील.' त्याने यादी उलटी केली. तीन आठवड्यांपूर्वीची तारीख, आणि तीच रेघ, जराशी कमी बसलेली. हातात असून त्याने बघितली नव्हती. त्याला स्वतःची भयंकर चीड आली, आणि भीतीही वाटली.

दोन्ही पट्ट्या घेऊन तो डॉक्टरांच्या खोलीत गेला. त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या.

"पेशंट कुठाय? त्याला एक पाऊलही चालू देऊ नका."

"चालतच आलाय, साहेब," तो म्हणाला.

डॉक्टरांनी हाताला धरून त्याला बसवलं आणि व्हीलचेअर मागवली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायको.

"अहो, यादी नेलीत ना? गोळ्या विसरू नका हं. किती उरल्यात?"

त्याने यादीकडे बघितलं.

"सगळ्या," तो म्हणाला. "तू इकडे ये."