माझ्या पोटातली गोधडी

मित्रांनो, पेठजवळच्या आमच्या पाड्यावर आलात तर बुधाच्या ओट्यावर भिंतीला टेकलेला एक काळपट चौकोनी खोका दिसेल. कोंबड्यांचं खुराडं समजून पुढं जाऊ नका. तो मी. घरी ठोकलेला जुना स्पीकर, आणि खरं सांगायचं तर फार दमलेला. आता बोलायचंही जिवावर येतं. पण जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं मोठं करून सांगितलं, आज एकदा आपलं सांगून घेतो.

माझा जन्म दुकानातला नाही. बुधा आणि त्याची बायको ललिता भाताची कापणी उरकली की सायखेड्याकडं द्राक्षबागेच्या कामाला जात. तिथल्या मालकानं मोडीत काढलेलं कपाट बुधानं मागून घेतलं आणि फळ्या जीपच्या टपावर बांधून घरी आणल्या. तेच माझं अंग. माझं तोंड, म्हणजे कागदी पडद्याचा गोल स्पीकर, नाशिकच्या भंगार बाजारातलं. आवाज वाढवणारं यंत्र त्यानं जुन्या टेपचे भाग काढून तेलाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. लाईटीचा भरवसा नाही म्हणून वर एक जुनी बॅटरी. सगळाच उसना संसार. ललिता म्हणायची, घरातल्या खाटेला पाय नाय आन हा खोक्याला पाय लावत बसलाय.

पण खोका कशाला हवा होता ते तिलाही ठाऊक होतं. बुधाची आई सावित्रीबाई धवलेरी. आमच्या पाड्यावर लग्न लागतं ते धवलेरीच्या गाण्यावर. ती मांडवात बसून एकेक गाणं म्हणते तसा एकेक विधी पुढं सरकतो. ती थांबली की लग्न थांबतं. सावित्रीबाईनं किती मांडव उभे केले याची गणती नाही. पुढं वय झालं, आवाज खाली बसला, आणि मांडवातली माणसं तिच्या गाण्यात आपापल्या गप्पा हाणू लागली. एका लग्नात तर मागून कुणीतरी विचारलं, म्हातारी गाती का निजली? ते बुधाच्या जिव्हारी लागलं. आईचा आवाज मांडवातल्या शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे, एवढ्यासाठी त्यानं मला घडवलं.

आता बुधानं आजवर ऐकलेले ते सगळे खालच्या गावांतले डीजे. मग त्यानं मलाही तसाच धडधडणारा केला. आईच्या हातात माईक दिला. तिनं तोंड उघडलं आणि मी असा घुमलो की कोंबड्या परड्यात पळाल्या. सावित्रीबाईनं माईक खाली ठेवला. "हा आवाज माझा नाय, बुधा. विहिरीत रेडा पडल्यावानी वाटतंय." झालं! बुधाचं तोंड एवढंसं झालं. त्यानं वायरी बदलल्या, बटणं फिरवली, मला दहा वेळा उघडलं आणि मिटलं. रेडा काही विहिरीबाहेर येईना.

शेवटी ललितानं माझ्या पाठीवर टकटक केलं आणि म्हणाली, रिकामी कणगी अशीच घुमती. पोट रिकामं हाय त्याचं. ते ऐकून सावित्रीबाई आत गेली आणि आपली जुनी गोधडी घेऊन आली. तिच्या लग्नातल्या लुगड्याची गोधडी ती. बुधा नको नको म्हणत राहिला, पण तिनं स्वतः विळ्यानं तिचे तुकडे केले. बुधानं ते माझ्या आतून चारी बाजूंना ठोकले. मग ती गायली. आवाज तिचाच निघाला, जरासा घोगरा, पण स्वच्छ. ती गाता गाता रडली, आणि मला आपण कशासाठी जन्मलो ते कळलं.

ती माझी भरभराटीची वर्षं. लग्नं, भजनं, शाळेचं झेंडावंदन, सगळीकडंच माझ्यावाचून अडायचं असं नाही, पण अडलं की आधी माझीच आठवण व्हायची. लोक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, काय वाजतंय राव! खोटं कशाला बोलू, मला चढायचं.

आणि मग तो दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडं कामाच्या वस्तूंची पूजा होते. कोयता, विळा, नांगर, आणि त्यांच्या ओळीत मी. सावित्रीबाईनं माझ्या अंगाला हळद लावली. मग तिच्या मनात आलं, गातो तर तोंडानं, मग तोंडाला नको का? तिनं कुंकू पाण्यात कालवलं, पाची बोटं भिजवून माझ्या पडद्यावर उमटवली, आणि नारळाचं पाणी शिंपडून माझं तोंड गोड केलं. पडदा कागदाचा! तो भिजून मऊ पडला. दुपारी बुधानं नाचासाठी मला जोरात लावलं आणि मी बोटांच्या ठशावरच टरकन फाटलो. पडद्यावरचं कुंकू बघून बुधा काय ते समजला. आईनं विचारलं, का रे खरखरतोय? तो म्हणाला, जुना झाला आये. मग डिंक आणि कागद लावून त्यानं मला ठिगळ मारलं. तिला खरं कारण अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

ठिगळाचं तोंड ते, किती दिवस पुरणार? पिकअपवर भिंतीएवढे स्पीकर लादून डीजे डोंगर चढू लागले. मला ओट्यावर सरकवलं, अंगावर पाण्याचे हंडे ठेवले. पावसाळ्यात पाणी पाझरायचं, फळ्या फुगायच्या, आत गोधडीला कुबट वास यायचा. वाईट वाटायचं, नाही कशाला म्हणू? पुढं पुढं त्याचाही कंटाळा आला.

गेल्या वैशाखात बुधाच्या मुलीचं, तेजलचं लग्न होतं. तिची एकच हौस, आपलं लग्न आजीनं लावावं. नवरदेवाकडच्यांनी डीजे आणला. मांडवाचे बांबू थरथरायला लागले. सावित्रीबाई सूप पुढ्यात घेऊन गायला बसली. तिचे ओठ हलत होते, एवढंच दिसत होतं. थोडा वेळ ती तशीच गात राहिली, मग तिनं तोंड मिटलं.

"माझं झालं आता. तुमचं वाजू द्या."

मोठी माणसं म्हणाली, राहू दे, गाणं झालं असं धरू, पुढचं उरका. तेव्हा हळदीच्या अंगानं बसलेली तेजल म्हणाली, "आजीनं म्हटल्याबिगर मी पाटावरून उठायची नाय."

बुधानं हात जोडून डीजे थांबवला. डीजेवाला पोरगा भला, त्यानं आपलाच माईक आजीला दिला. पण पुन्हा तोच विहिरीतला रेडा! तिनं माईक परत केला. मग बुधा ओट्यावर आला. माझ्यावरचे हंडे त्यानं उतरवले, धोतराच्या सोग्यानं मला पुसलं आणि मांडवात नेऊन डीजेच्या बॅटरीला जोडलं. माझं ठिगळ सुटत आलेलं. आवाज वाढवला की खर्र होई. बुधानं बटण मागं मागं घेतलं आणि खरखर थांबली तिथं सोडलं. आवाज उरला तो जेमतेम चार हातांवर पोचेल एवढा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या कामासाठी घडवलं तेच मला जमेना.

सावित्रीबाईनं गाणं उचललं. मागच्यांना ऐकू जाईना. मग ललिता उभी राहिली आणि म्हणाली, "तो लांब पोचू शकत नाय आता. तुम्हीच जवळ सरका."

आधी बायका सरकल्या. मग मांडवाबाहेर आंब्याखाली बसलेले गडी उठून आले. डीजेवालाही पिकअपवरून उतरून मांडी घालून बसला. कुणी खोकेना की बोलेना. सावित्रीबाई सगळी गाणी म्हणाली, एकही गाळलं नाही, आणि तेजल पाटावरून उठली ती आजीच्या शेवटच्या ओळीवर. जन्मभर मला वाटत होतं, आवाज शेवटच्या माणसापर्यंत नेणं माझं काम. त्या दिवशी शेवटचा माणूस स्वतः उठून माझ्याजवळ आला.

शेवटच्या गाण्याला माझं ठिगळ सुटलं ते सुटलंच. आता मला वायर नाही, पण बुधानं हंडे मात्र परत ठेवले नाहीत. सकाळच्या उन्हात सावित्रीबाई मला पाठ टेकून बसते आणि ओठांतल्या ओठांत गुणगुणते. घरातही कुणाला ऐकू जात नाही. मला कळतं, तिच्या पाठीतून, माझ्या पोटातल्या तिच्याच गोधडीपर्यंत.

मित्रांनो, मला रंग लावू नका, दुरुस्तीही नको. तुमच्या घरातही कुणाचा तरी आवाज बसला असेल. त्याला मोठ्यानं बोल म्हणू नका. आणि कधी इकडं आलात तर सावित्रीबाईशेजारी बसा. ओट्यावर जागा आहे.