काळ्या वाळूतला हंबरडा

किनाऱ्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध चटई टाकून वाळूबाबा उभा होता. हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला ताटाएवढी तबकडी, आणि मुठीजवळच्या डबीला गुंडाळलेलं रेशमी फडकं.

"कोण गेलं तुझं?" बाबा एका म्हातारीवर गरजला.

"मुलगा. होडीसकट गेला."

बाबाने ओल्या, काळ्या वाळूवरून तबकडी फिरवली. यंत्राने असा हंबरडा फोडला की पुढच्या बायका मागच्यांच्या पायावर पडल्या.

"ऐकलंस? गारठलाय पोर! सोनं मागतोय, सुटका मागतोय!"

म्हातारीने कानातलं काढून वाळूत पुरलं. बाबाने फडक्याखाली हात घालून काहीबाही पुटपुटलं आणि शेजारच्या वाळूवर तबकडी फिरवली. यंत्र चिडीचूप. आत्मा म्हणे शांत झाला. "आता मागे वळून न पाहता घरी जा. उकरलंत तर पुन्हा तडफडेल तो!" आणि शहाणीसुरती माणसं खाली मान घालून घरी जात. उरलेली वाळू, सोनं आणि संध्याकाळ बाबाची.

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी मास्तरीण हे गर्दीच्या कडेला उभी राहून बघत होती. हसण्यावारी नेलंही असतं तिने. पण गर्दीत तिची थोरली ताई होती. भावोजींची होडी वादळात गेली होती, ते सापडलेच नव्हते.

"येत्या रविवारी अंगठी देणार आहे मी," घरी भांडी विसळताना ताई म्हणाली.

जाळ्यात अडकून हाताचं बोट तुटू नये म्हणून भावोजी समुद्रावर निघताना ती अंगठी घरी काढून ठेवत. त्यांची म्हणावी अशी तेवढीच वस्तू उरली होती.

"ताई, तो मेटल डिटेक्टर आहे गं. दुकानात मिळतो."

"असेल. मग परवा आमच्या अंगणात बाबांनी फिरवला तेव्हा का नाही ओरडला? समुद्रापाशीच का रडतो?"

प्रश्न बिनतोड होता. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतलं लोहचुंबक घेऊन मास्तरीण किनाऱ्यावर गेली. वाळूत फिरवताच चुंबकाला काळ्या कणांची दाट दाढी फुटली. वाळू लोखंडाच्या खनिजाने भरलेली होती, वर खाऱ्या पाण्याने भिजलेली. यंत्र बिचारं आत्म्यावर नाही, त्या जमिनीवरच ओरडत होतं!

मग ती शहरातल्या दुकानात गेली.

"हे घ्या," दुकानदाराने चकचकीत यंत्र पुढे केलं. "पडद्यावर खजिन्याची पेटीसुद्धा दिसते."

"काळ्या वाळूत चालेल?"

"चालेल की! ओरडेल जरासं."

"ते ओरडणं आमच्याकडे चिक्कार आहे," मास्तरीण म्हणाली. तिने एकाच वेळी अनेक लहरी सोडणारं, साधंसुधं दिसणारं यंत्र निवडलं. एकाच लहरीचं यंत्र मीठ आणि खनिज यांच्या कात्रीत सापडून गोंधळतं. हे दोन्ही सांभाळून घेई. शिवाय जमिनीशी जुळवून घेण्याचं बटण हाताने फिरवता येई.

रविवारी ताईने अंगठी पुरली. बाबाचा हात फडक्याखाली गेला.

"थांबा," मास्तरीण पुढे आली. "बाबा, तबकडी बरोबर अंगठीवर धरा ना. दर वेळी शेजारी का फिरवता?"

"पाखंडी! आत्मा कोपेल!"

"कोपू दे. मी धरते."

तिने आपलं यंत्र सुरू केलं. बटण मुद्दाम उलटं फिरवलेलं होतं, त्यामुळे त्यानेही तोच हंबरडा फोडला. लोक शहारले. मग तिने रिकाम्या वाळूवर तबकडी वरखाली करत बटण हळूहळू फिरवलं. आवाज बारीक झाला, विरला, थांबला. यंत्राची संवेदनशीलता थोडी कमी करून तिने तबकडी अंगठीवर नेली. टिंग! एकच स्वच्छ आवाज.

"आता आजींचं कानातलं बघू."

जिथे पुरलं होतं तिथे यंत्र मुकं. दुसऱ्या बाईची साखळी? मुकं. मच्छीमारांच्या मुकादमाचं कडं? मुकं.

"आत्म्यांनी नेलं!" बाबाला घाम फुटला होता.

"गारठलेल्या पोराने कानातलं घातलं होय?" म्हातारी कडाडली.

मास्तरणीची तबकडी बाबाच्या चटईवरून गेली आणि यंत्र टिंगटिंगत सुटलं. मुकादमाने चटई उलटवून वाळू उपसली. खाली पत्र्याचा डबा, डब्यात सगळ्यांच्या सुटकेचं सोनं! बाबाने पळ काढला, पण ओल्या वाळूत त्याचे पाय रुतले आणि यंत्रासकट तो तोंडावर आपटला. रेशमी फडकं सुटलं, खाली डबीवर तसंच बटण होतं. आत्म्यांना हुकूम सोडणाऱ्याला पोलीस येईपर्यंत बायकांनीच धरून ठेवलं.

ताई मात्र तिथेच बसून होती. "तू ह्यांचा आवाज बंद केलास," ती मास्तरणीला म्हणाली. मास्तरणीने यंत्र ताईच्या हातात दिलं आणि तिचं बोट बटणावर ठेवलं.

ताईने बटण फिरवलं. हंबरडा उठला. उलटं फिरवलं. थांबला. पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबवलं. मग ती खूप रडली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मोकळेपणी.

डोळे पुसून ती बायकांकडे वळली.

"आपली माणसं या वाळूत नाहीत. ती गेली. दुःख आपलं आहे, ते आपण करू. पण कुणी त्याला आवाज देऊन दाखवला, तर आधी त्याच्या हाताकडे बघा. फडकं उचला. विचारा, हे कसं होतं? विचारल्याने कुठलाही मेलेला माणूस रागावत नाही. रागावतो तो जिवंत लबाडच."