दादाचा आडोसा

हिंगणी ते सेलू ही सव्वीस जानेवारीची सायकल शर्यत तानबा दोन वर्षं जिंकत आला होता. खरं सांगायचं तर ती जिंकायचा त्याचा थोरला भाऊ रूपराव. तो पुढे राहून सगळा वारा छातीवर घ्यायचा आणि तानबा त्याच्या मागच्या चाकाला चिकटून, आडोशानं, दम राखून चालवायचा. सेलूच्या अलीकडच्या बाभळीपाशी रूपराव डावीकडे सरकायचा आणि ओरडायचा, "निंघ आता!" हार मात्र तानबाच्या गळ्यात. लोकांचं काय, पुढे दिसेल तो वाघ.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत रूपराव काविळीनं गेला.

एकट्यानं सराव करताना वारा तानबाच्या उरावर बसू लागला. तसं बोलून दाखवलं, तर लोक म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. मग पौषातल्या एका सकाळी वारा लागेनासाच झाला. दोन्हीकडची तूर वाकत होती, पण तानबाचा सदरा हलत नव्हता. समोर रस्ता रिकामा. अंगावर काटा आला त्याच्या. पण खोटं कशाला बोला, भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला.

शर्यतीतही तेच. बाकीचे माना खाली घालून वाऱ्याशी झुंजत होते आणि हा निवांत सगळ्यांच्या पुढे. बाभूळ आली. "निंघ" कुणी म्हटलं नाही. बाभूळ मागे पडली. आता जोर लावला तर दादा कायमचा मागे राहील, या धास्तीनं त्याचे पायच चालेनात. तेवढ्यात मागच्या सायकलवाल्यांतला बंडू उजवीकडून निघून गेला.

घरी माय, अनुसयाबाई, भाकरी थापत होती.

"कितवा आला रे?"

"तिसरा."

"लोकं तं दुसरा म्हणून राह्यले."

"बंडू पह्यला. दादा दुसरा. मी त्याच्या मांगं."

मायचे हात पिठातच थांबले. "अजून तोच वारा झेलून राह्यला?" तिचा आवाज फाटला. "थकला असन रे माहा लेक. उद्या तू पुढं राह्य. त्याले आडोशाले घे."

दुसऱ्या दिवशी तानबानं सायकलवर टांग टाकली आणि म्हणाला, "दादा, मांगं ये." वारा असा आदळला की डोळ्यांना धार लागली. वाऱ्यानंच लागली, असं तो स्वतःला बजावत राहिला. मागे वळून त्यानं एकदाही पाहिलं नाही. बाभळीपाशी तो डावीकडे सरकला.

"निंघ आता, दादा!"

उजव्या कानाला घासून एक झुळूक पुढे गेली. मग सेलूपर्यंत त्याचा सदरा फडफडत राहिला.