कोरडी वाळू

मी एक जुना निळा टब आहे. नाकं मुरडू नका मित्रांनो, आधी ऐकून तर घ्या. कारखान्यातल्या साच्यातून गरमागरम बाहेर पडलो आणि दुकानातून या घरी आलो, तेव्हा माझ्यात घरच्या लेकीला, चिमीला आंघोळ घालायचे. ती तेव्हा चार महिन्यांची होती. माझा रुबाब काय वर्णावा! पुढे चिमी मोठी झाली, माझा काठ तडकला आणि माझी बदली गॅलरीत झाली. घरात बोका आला होता, म्हणून माझ्यात वाळू भरली.

बोक्याचं नाव साहेब. चालच तशी होती. यायचा, वाळू उकरायचा, चारदा हुंगायचा, काम उरकायचा आणि निम्मी वाळू लादीवर उडवून निघून जायचा. सकाळी आई उलथन्याने ओले गोळे काढायची आणि कुरकुरायची, "नोकर आहे मी या साहेबाची!" मीही मनात कुरकुरायचो. आता वाटतं, कशाला कुरकुरलो?

एका शनिवारी साहेब सकाळपासून सहा वेळा माझ्यात येऊन बसला. पाठ वाकवायचा, कण्हायचा आणि तसाच उठायचा. वाळूत एक थेंब नाही. आई उलथनं घेऊन आली आणि म्हणाली, "अगंबाई, आज टब किती स्वच्छ, वाळू कोरडी ठणठणीत! शहाणा झाला हो साहेब, कामच ठेवलं नाही."

वाळू भरल्यापासून पहिल्यांदा माझं कौतुक झालं, आणि माझा जीव मात्र टांगणीला लागला.

"बाबा, तो सारखा बसतोय," चिमी म्हणाली. "रडतोय बघा ना."

"पोट साफ होत नसेल गं," बाबा म्हणाले. "उद्यापर्यंत होईल मोकळा."

पोट नव्हे हो, लघवी अडलीये त्याची! मी आतल्या आत किती ओरडलो. पण टबाला काठ असतो, तोंड नसतं.

रविवारी दुपारी साहेबाला उलटी झाली आणि तो माझ्यातच आडवा झाला. हात लावला की किंचाळायचा. शेवटी बाबांनी त्याच्यासकट मलाच उचललं आणि आम्ही सगळे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे पोचलो. त्यांनी त्याचं पोट चाचपलं. ते दगडासारखं घट्ट होतं.

"शेवटची शू कधी केली याने?"

"काल... की परवा?" बाबांनी आईलाच विचारलं.

"वाळू कोण काढतं?"

"मीच," आई म्हणाली. "पण कालपासून कोरडीच..." आणि बोलता बोलता तिने तोंडावर हात ठेवला.

"लघवीची वाट बंद झालीये. बोक्यांना होतं असं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कालच आणायला हवं होतं हो." त्यांनी नळी घातली, सलाईन लावलं, काही कसूर ठेवली नाही. मी टेबलाखाली पडून होतो. तासाभराने चिमीने हंबरडा फोडला, आणि मला कळायचं ते कळलं.

आता मी पुन्हा गॅलरीत आहे. वाळू तीच आहे. साहेब आडवा झाला होता, तिथे खळगा आहे. आई म्हणते ओतून टाकू, चिमी ओतू देत नाही. शाळेतून आली की ती त्या खळग्यात हात ठेवून बसते. मला तिला जवळही घेता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी बोका असेल, तर रोज त्याच्या वाळूत डोकावत जा. ओली असली तर खुशाल कुरकुरा. पण वाळू कोरडी असेल आणि तो बसून बसून उठत असेल, तर माझं कौतुक करत बसू नका. त्याला उचला आणि पळत सुटा. मला ओरडता येत नाही.