दुसऱ्या वर्षाचं पाणी

भिंतीलगत लॅव्हेंडरची पाच रोपं लावली ती बायको गेल्यानंतरच्या वसंतात. एकदा लावली की वर्षानुवर्षं राहतात, असं पुस्तकात वाचलं होतं. माझ्या वयाला ते जरा आगाऊपणाचं वाटलं, तरी लावली. पिशवीतून काढताना मुळं गोल गुंडाळलेली दिसली. ती बोटांनी हलकेच मोकळी केली, खड्ड्यात थोडी खडी घातली, माती दाबली. पहिलं वर्षभर पाणी मात्र नेमानं घालायचं होतं.

सकाळी मी झारी घेऊन बाहेर पडायचो तेव्हा छातीएवढ्या भिंतीपलीकडे शिवणबाई कपडे वाळत घालत असायच्या. घरी शिलाईचं काम करतात, मुला-सुनेजवळ राहतात, एवढंच मला ठाऊक होतं.

"काय वाचनालय, आज उशीर?" हे नाव त्यांनीच ठेवलेलं, माझ्या खिडकीतून पुस्तकांचे ढीग दिसतात म्हणून.

"डोळा लागला होता."

"पुस्तकावरच ना? चालायचंच. मला काजं करताना लागतो."

इतकंच. कधी याहूनही कमी. पण दिवसभरात मी मोठ्यानं बोललेली तेवढीच वाक्यं असायची. घरात आल्यावर चहा गार होईपर्यंत ती घोळवत बसायचो. याहून बरं उत्तर देता आलं असतं, असं रोज वाटायचं.

दुसऱ्या वर्षी रोपांनी मुळं धरली. आता पाणी बेतानं, माती कोरडी झाल्यावरच, असं त्याच पुस्तकात होतं. मला ते पान पाठ होतं. तरी मी रोज झारी भरत राहिलो.

कडेच्या रोपाची खालची पानं पिवळी पडली, मग सगळ्या रोपानंच मान टाकली.

"हे गेलं की हो," शिवणबाई भिंतीवरून वाकून म्हणाल्या. "इतकं करता तुम्ही त्याचं."

"वाऱ्यानं असेल," मी म्हणालो.

उपटलं तेव्हा मुळं काळी, बुळबुळीत निघाली. त्याच्या शेजारच्या रोपाच्या बुडाशी बोट घालून पाहिलं. चिखल, आणि वास तोच. उरलेली चार वाचवायची तर झारी ठेवून द्यायला हवी होती. आणि झारी ठेवली, तर सकाळी भिंतीपाशी मी कशाला जाणार?

झारी ठेवली. दुसऱ्या दिवशी पडद्याआड बसून राहिलो.

"वाचनालय, आज सुट्टी वाटतं?" बाहेरून आवाज आला. मी उत्तर जुळवेपर्यंत त्या आत गेल्या होत्या. पुढच्या सकाळी कपडे झटकल्याचा आवाज तेवढा आला.

माती हळूहळू वाळली. रोपं सावरली, एकावर कळ्याही धरल्या. त्यांना माझी गरज उरली नव्हती. हे चांगलंच झालं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. मग एका दुपारी शर्ट बदलला. शिवायला न्यावं असं काही फाटकं-उसवलेलं शोधलं, तर नेमकं सगळं धड. तसाच रिकाम्या हातानं गेलो आणि शेजारची घंटा वाजवली.

सुनेनं दार उघडलं. "कोण हवंय?"

"मी पलीकडचा. तुमच्या सासूबाई..."

"काही शिवायचं होतं का?"

"नाही. काम काही नाही."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मागे वळून हाक दिली, "आई, शेजारचे आजोबा आलेत. काम काही नाही म्हणतात."

आत शिलाईचं मशीन चालू होतं, ते थांबलं. मी पायरीवर उभा होतो. चपला काढाव्यात की नाही, ते ठरत नव्हतं.